'कुठं निघालास?' विचारलं की मासा लागत नाही? गळ टाकणाऱ्यांच्या शकुन-अपशकुनांची गोष्ट

रविवारची सकाळ. हातात बांबूची काठी, खिशात तंगूसाचं रीळ, डब्यात ओल्या मातीतली गांडुळं आणि पिशवीत कणकेचा गोळा. एवढा सरंजाम घेऊन गडी बंधाऱ्याकडे निघतो. पारावर कुणीतरी ओळखीचं भेटतं आणि अगदी सहज विचारतं, "काय, कुठं निघाला?"

झालं. गड्याचं तोंड उतरतं. आता दिवसभर बूच हलणार नाही, हे त्याला कळून चुकलेलं असतं.

कामाला निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारू नये, हा मराठी मुलखातला जुना संकेत. सोयरिकीला निघालेल्याला, कोर्टाच्या तारखेला निघालेल्याला, बैल घ्यायला बाजारात निघालेल्यालाही तो लागू होतो. जाणती माणसं म्हणून 'कुठं' टाळून "लांब निघालात का?" असं विचारतात. पण गळ टाकणाऱ्याला हा अपशकुन जरा जास्तच झोंबतो. कोर्टात हरलं तर वकिलाला दोष देता येतो, बाजारात फसलं तर दलालाला. पाण्याखाली नेमकं काय बिनसलं, हे सांगायला कोण येणार?

गंमत म्हणजे हा संकेत फक्त आपला नाही. ईशान्य स्कॉटलंडच्या मच्छीमारांमध्येही समुद्रावर निघालेल्या माणसाला 'कुठं निघालास' विचारणं अशुभ मानलं जाई. तिथे होडीवर डुक्कर, पाद्री आणि चक्क सामन मासा यांची नावंही घ्यायची नाहीत, अशी पद्धत होती. चुकून तोंडातून निघालंच तर लगेच लोखंडाला हात लावायचा. स्वीडनमध्ये मासेमारीला निघालेल्याला कुणी 'भरपूर मासे मिळोत' म्हणत नाही. ते म्हणतात 'स्कीतफिस्के', म्हणजे सभ्य भाषेत सांगायचं तर 'मासेमारी पार भिकार होवो'. शुभेच्छा दिल्या की काम बिघडतं, म्हणून शापच द्यायचा. रशियात शिकाऱ्यांची तीच रीत. 'ना पीस मिळो, ना लव' असं म्हणायचं आणि समोरच्याने 'जा मसणात' अशा अर्थाचं उत्तर द्यायचं. आज तिकडे परीक्षेला निघालेल्या पोरांनाही असंच म्हणतात.

पारनेरमध्ये मासे? कुठल्या पाण्यात?

अहिल्यानगर जिल्ह्यातला पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. नाव निघालं की आठवतात ते सेनापती बापट, राळेगणसिद्धी, दुष्काळ आणि टँकर. मासेमारी कुणाला आठवत नाही. तरी पाणी आहे. दक्षिण-पश्चिमेला कुकडी नदी तालुक्याची हद्द आखत जाते, उत्तरेकडून मुळा वाहते. मांडओहोळचं धरण आहे, हंगा नदी आहे, जागोजागी बंधारे आणि पाझर तलाव आहेत, आणि गेल्या काही वर्षांत प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आलीत.

यातलं बहुतेक पाणी भरवशाचं नाही. कुकडी प्रकल्पातली येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही पाचही धरणं वरच्या अंगाला, पुणे जिल्ह्यात. त्यांच्या पाण्यावर पारनेरबरोबर श्रीगोंदा आणि कर्जतचीही नजर असते. पाऊस झाला तर तलाव भरणार, आवर्तन सुटलं तर नदी-कालव्याला पाणी दिसणार, नाहीतर मार्चनंतर तळ उघडा. म्हणजे इथला गळवाला आधी पाण्याचं नशीब बघतो आणि मग माशाचं.

हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

पायगुण नावाचा इसम

घरातून निघताना पाळायचे शकुन सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. उंबऱ्यावर शिंक आली, थांबा. मांजर आडवं गेलं, चार पावलं मागे या. मागून हाक आली, खाली बसून पाणी प्या. तिघं मिळून निघालात तर 'तीन तिगाडा, काम बिगाडा', म्हणून चौथा माणूस धरून आणा. तो न मिळाल्यास खिशात एक खडा टाकून त्यालाच चौथा समजा. शनिवार नको, अमावस्या तर नकोच.

हे सगळं सांभाळून काठावर पोचलं आणि तरी मासा लागला नाही, तर पुढची पायरी म्हणजे सोबत्याचा पायगुण. आपल्या शेजारी बसलेला माणूस पांढऱ्या पायाचा आहे, हे माणसाला साधारण दोन तासांनी कळतं. तेवढ्यात त्याच पांढऱ्या पायाच्या गळाला दीड किलोचा रोहू लागला तर? मग त्याने आपली जागा खाल्ली, असं ठरतं. म्हणजे सिद्धांत कधीच खोटा पडत नाही. विज्ञानात असा सिद्धांत कुचकामी मानतात, बंधाऱ्यावर मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

इंग्लंडमधले गळवाले जागेला नाही, जाळीला दोष देतात. पकडलेले मासे जिवंत ठेवायची जाळी पहिला मासा लागण्याआधी पाण्यात सोडली की दिवस वाया जातो, असं तिथे मानतात. आपल्याकडच्या 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' या म्हणीचाच हा धाकटा भाऊ. आमिषावर थुंकून गळ टाकण्याची रीत तर जगात अनेक ठिकाणी सापडते.

आणि केळं. अमेरिकेत फ्लोरिडापासून हवाईपर्यंत भाड्याने चालणाऱ्या मासेमारीच्या होड्यांवर केळं आणलेलं चालत नाही. काही नावाडी गिऱ्हाइकाची पिशवी तपासतात आणि केळं दिसलं तर पाण्यात भिरकावतात. का? एक सांगतो, केळ्यांच्या घडात विषारी कोळी असायचे. दुसरा सांगतो, केळी नासण्याआधी पोचवायची म्हणून ती जहाजं इतकी जोरात हाकायचे की मागे सोडलेल्या गळाला मासा लागायचाच नाही. यातलं काहीही सिद्ध झालेलं नाही. कारणं मागाहून शोधलेली वाटतात. सुदैवाने आपल्याकडे शिदोरीतल्या केळ्यावर अजून कुणी संशय घेतलेला नाही.

शांत पाण्यात मंत्र लागत नाही

आता मुद्द्याचा प्रश्न. अपशकुन पाळायचं खूळ मासेमारीलाच इतकं का चिकटलंय? शिंपी कापड बेतताना किंवा गवंडी वीट लावताना एवढं बघत नाही.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उत्तर ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने दिलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. तिथले लोक दोन प्रकारे मासे पकडत. बेटाच्या आतल्या उथळ, शांत खाजणात पकडायचे तेव्हा ते सरळ जायचे, मासे घ्यायचे आणि परत यायचे. मंत्र नाही, विधी नाही. तेच लोक उघड्या समुद्रावर निघाले की मात्र मंत्र-तंत्रांची रांग लागायची. माणसं तीच, श्रद्धाही तीच. फरक होता तो धोक्याचा आणि अनिश्चिततेचा. जिथे हातातलं कसब पुरत होतं तिथे जादूची गरज पडली नाही, असं त्याने १९२५च्या निबंधात मांडलं.

हेच पारनेरला लावून बघा. शेततळ्यात मत्स्यबीज मोजून सोडलेलं असतं. किती सोडलं, खाद्य काय घातलं, साधारण वजन किती भरलं असेल, सगळं वहीत लिहिलेलं. तिथे जाळं ओढताना मांजराचा विचार करायचं कारणच नसतं. मांडओहोळच्या काठावर एक काठी आणि एक गळ घेऊन बसलेल्या माणसाजवळ यातली कुठलीच माहिती नसते. खाली मासा आहे का, भुकेला आहे का, याच थरात आहे का, काही कळत नाही. मग मन कारण शोधतं आणि सकाळी आडवं गेलेलं मांजर सगळ्यात आधी हाताशी येतं.

मन असं का वागतं, याचा एक प्रयोग १९४८मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी आठ कबुतरांवर केला. ठरावीक वेळाने आपोआप दाणे पडतील, अशी व्यवस्था होती. कबुतराने काहीही केलं तरी दाणे पडणारच होते. पण आठांपैकी सहा कबुतरांना वेगवेगळ्या सवयी जडल्या. एक गोल गोल फिरायला लागलं, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसायला लागलं. आपण हे केलं म्हणून दाणे पडले, असा त्यांचा समज झाला, हा स्किनर यांचा निष्कर्ष. पुढच्या संशोधकांनी त्यावर शंका घेतल्या. दाण्याची वाट बघताना कबुतरं एरवीही अशीच चुळबुळ करतात, असं त्यांचं म्हणणं. तरी मासा लागला त्या दिवशीची टोपी पुढे वर्षभर न धुता वापरणारा माणूस ज्यांनी पाहिलाय, त्यांना स्किनर लगेच पटतील.

मग खरं कारण काय असतं?

मासा न लागण्याची बरीचशी कारणं पाण्यातच असतात, आणि ती पायगुणाइतकी गूढ नाहीत.

पहिलं म्हणजे थर. तळ्यात सोडले जाणारे आपले तीन नेहमीचे मासे तीन मजल्यांवर राहतात. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. गळ तळाला टेकवून कटल्याची वाट बघत बसलं तर शेजाऱ्याचे पाय धुऊन काही उपयोग नाही. बूच हातभर वर-खाली सरकवून बघावं.

दुसरं, हवा. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू रात्रभर कमी होत जातो आणि पहाटे सगळ्यात कमी असतो. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती तो तयार करतात, रात्री त्याच तो वापरतात. उन्हाळ्यात पाणी आटलेलं, तापलेलं आणि हिरवंगार असलं की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, किती मासे आहेत! पण ते भुकेने वर आलेले नसतात, गुदमरून आलेले असतात. अशा वेळी गळाकडे कोण बघणार? थंडीतही तसंच. मासा थंड रक्ताचा असल्याने पाणी गारठलं की त्याची भूक मंदावते. पौषातल्या कडाक्याच्या सकाळी बूच हललं नाही, तर त्यात 'कुठं' विचारणाऱ्या शेजाऱ्याचा काही दोष नाही.

तिसरं, आवाज. गळ टाकून बसल्यावर बोलायचं नाही, हा नियम सगळीकडे कडक असतो. तो अर्धा बरोबर आहे. रोहू, कटला यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना खरंच चांगलं ऐकू येतं. पण हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून जवळजवळ सगळा परत फिरतो, हजारातला एखादा हिस्साच आत शिरतो. म्हणजे गप्पा मारल्या तर फारसं बिघडत नाही. काठावर धपाधप पाय आपटत चालणं मात्र माशाला जमिनीतून थेट पोचतं. सासवडपासून संगमनेरपर्यंतच्या राजकारणावर खुशाल बोला, फक्त बसल्या जागेवरून.

अमावस्येचं कोडं

अमावस्येला मासेमारी नको, असं पठारावर ऐकायला मिळतं. कोकणात मात्र चंद्राचा हिशेब वेगळाच आणि तो अंधश्रद्धा मुळीच नाही. अमावस्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, अष्टमीच्या सुमारास भांग असते. डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवरच चालतं, त्यामुळे कोळ्याला तिथी बघावीच लागते. आता मांडओहोळला भरती येत नाही. समुद्रावर जे वेळापत्रक आहे, तेच दोनशे किलोमीटर आत आलं की नुसता शकुन होऊन बसतं.

याच चंद्राला इंग्रजी कपडे घालून विकण्याचा धंदाही जुना आहे. जॉन आल्डेन नाइट या अमेरिकन माणसाने १९२६मध्ये सूर्य-चंद्राच्या स्थितीवरून मासे कधी खातील, याचं कोष्टक मांडलं. आज मोबाइलवरची कितीतरी अ‍ॅप त्याच धर्तीवर 'आजचा मासेमारीचा मुहूर्त' सांगतात. आजोबांच्या पंचांगाला हसणारा नातू ते निमूटपणे बघतो.

आसरा आणि निघोजचे कुंड

सगळेच संकेत हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

पठारावरच्या डोहांवर, विहिरींवर साती आसरा राहतात अशी समजूत आहे. 'आसरा' म्हणजे अप्सरा, पाण्यातल्या सात देवता. शेंदूर लावलेले सात तांदळे काठावर दिसतात, त्यांना हिरव्या बांगड्या, खण, हळद-कुंकू वाहतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरातल्या अशा ठाण्यांची नोंद आपल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या १९६२च्या ग्रंथात केली आहे. आसरांच्या डोहात भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला एकट्याने उतरू नये, नाहीतर त्या ओढून नेतात, असं म्हणतात.

आसरा कुणी पाहिल्या नाहीत, पण डोह खोल असतो हे खरं. पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडीच्या पात्रात जगप्रसिद्ध रांजणखळगे आहेत. नदीच्या भोवऱ्यात अडकलेले दगड-गोटे हजारो वर्षं गरगर फिरले आणि त्यांनी काळ्या बेसाल्टमध्ये रांजणासारखे खड्डे कोरले. काठावर मळगंगा देवीचं मंदिर आहे. उन्हाळ्यात हे खळगे निवांत दिसतात, कडेला बसून गळ टाकायचा मोह होतो. पण खडक शेवाळाने निसरडा, खळग्याच्या भिंती उभ्या आणि गुळगुळीत, आत पडलेल्याला धरायला काही नाही. वर कुठेतरी पाणी सोडलं असेल तर पात्र भरायला वेळ लागत नाही. 'इथे एकट्याने येऊ नकोस' हे सांगायला जुन्या लोकांनी देवता पुढे केली. आज आसरांवर विश्वास नसणाऱ्यानेही एकट्याने जाऊ नये, पोहता येतं म्हणून तर अजिबातच नाही.

देवतेच्या नावाने मासेही वाचलेत. महाडजवळचं वाळणकोंड, वाड्याजवळ वैतरणेच्या काठावरचं तिळसे आणि देहूची इंद्रायणी, इथे देवाचे मासे म्हणून पकडायची बंदी पाळली जाते. महाशीरसारख्या मोठ्या माशाला त्यामुळे आसरा मिळाला. दुसऱ्या अर्थाने.

श्रावणाचं मात्र गणित थोडं चुकतं. श्रावणात मासे खायचे नाहीत, त्यामुळे प्रजननाच्या काळात माशांना विश्रांती मिळते, असं कौतुकाने सांगितलं जातं. समुद्रासाठी ते काम सरकारी बंदी करते, महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै. नदीत पहिल्या पुराबरोबर पोटात अंडी घेऊन प्रवाहाविरुद्ध निघतात ते चढणीचे मासे, आणि ते बऱ्याचदा ज्येष्ठ-आषाढातच चढतात. म्हणजे गटारीला ताटात येतो तो नेमका अंड्यांनी भरलेला मासा, आणि त्यानंतर आपण महिनाभर सोवळे होतो.

गळाला कासव लागलं तर ते शुभ समजून घरी आणणारे आहेत. आणू नका. तळ्यात सापडणारं साधं कासवही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. 'वीस नखी कासवाने पैशांचा पाऊस पडतो' म्हणणारा भेटला तर तो २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याचाही विषय होऊ शकतो. मांजर आडवं गेलं म्हणून परत फिरणं हा गुन्हा नाही, लोकांना फसवणं हा आहे. आणि धरणात किंवा तलावात मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार संस्थेला ठेक्याने दिलेला असतो, तेव्हा हौसेने गळ टाकण्याआधीही विचारलेलं बरं. नाहीतर त्या दिवशीचा अपशकुन माणसाच्या रूपात काठी घेऊन येतो.

रिकामा हंडा

आता सगळ्यात जुना आणि सगळ्यात न हसण्याजोगा शकुन. भरला हंडा घेऊन बाई समोर आली तर शुभ, रिकामा घेऊन आली तर अशुभ. विधवा आली तर कामाला जाऊच नये. तिने जाळ्याला, गळाला, होडीला हात लावू नये. पाळीच्या दिवसांत तर कुणाही बाईने लावू नये.

टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यात हा शकुन ऐकायला फार विचित्र वाटतो. बाईच्या डोक्यावरचा हंडा रिकामा आहे, कारण गावात पाणी नाही. आणि बंधाऱ्यात मासा नाही, त्याचंही कारण तेच. फरक एवढाच की हौशी माणूस संध्याकाळी घरी जातो आणि तिला उद्या पुन्हा रांगेत उभं राहायचं असतं. किनाऱ्यावर तर मासळी विकून घर चालवणारी कोळीणच असते, पण होडीवर तिचं पाऊल नको असा संकेत तिथेही होता.

विधवेच्या वाट्याला येणारी ही वागणूक मोडायचं काम कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२मध्ये ग्रामसभेत ठराव करून सुरू केलं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्यानंतर राज्य सरकारनेही इतर गावांनी हेरवाडचा कित्ता गिरवावा, असं परिपत्रक काढलं.

बाईच्या हाताला मासा लागत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी स्कॉटलंडच्या टे नदीवर जॉर्जिना बॅलेंटाइन वडिलांबरोबर होडीत होत्या. पहिल्या महायुद्धात परिचारिका म्हणून काम केलेली ही बाई. त्यांच्या गळाला संध्याकाळी एक सामन लागला, दोन तासांच्या आसपास झुंज चालली आणि अंधार पडल्यावर मासा होडीत आला. वजन भरलं ६४ पौंड, म्हणजे साधारण २९ किलो. शंभर वर्षं उलटली, तरी ब्रिटनमध्ये गळाने पकडलेल्या सामनचा विक्रम अजून त्यांच्याच नावावर आहे.